साडेपाच तास मागे

लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली फुकट मिळते हे खरे. परंतु घरच्या संगणकावर ते नव्याने बसवायचे म्हटले की दर वेळी माझा एक संपूर्ण रविवार त्याच्या घशात जातो. पेन ड्राइव्हवरून प्रणाली अर्ध्या तासात बसते, मराठी अक्षरेही नीट दिसतात, आणि आता सुटलो असे वाटते न वाटते तोच वाय-फाय गायब असल्याचे लक्षात येते. वाय-फायच्या चिपचा ड्रायव्हर (ती चिप चालवणारी आज्ञावली) मुक्त परवान्याखाली नसल्यामुळे सोबत दिलेला नसतो, म्हणून तो इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो, आणि इंटरनेट तर त्या ड्रायव्हरवाचून चालणार नसते! शेवटी मोबाइल यूएसबी केबलने जोडून काम भागवावे लागते (ही युक्ती मला तिसऱ्या खेपेस सुचली, हे कबूल करतो).

खरी चीड मात्र घड्याळाची आहे. घरच्यांसाठी जुनी प्रणालीही, म्हणजे विंडोज, त्याच संगणकावर शेजारी ठेवावी लागते. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) लिहून ठेवते, जुनी प्रणाली तीच वेळ स्थानिक समजते, आणि दुपारी दोन वाजता संगणक सकाळचे साडेआठ दाखवतो. वेळ चुकली की कधीकधी सुरक्षित संकेतस्थळेही उघडायला कुरकुर करतात. एका ओळीच्या आज्ञेने हे दुरुस्त होते, पण पुढची आवृत्ती कोरी बसवली की पहिले पाढे पंचावन्न, आणि "आता पुन्हा काय बसवलंस रे?" हा आईचा प्रश्न स्वयंपाकघरातून ठरलेला.