आजीला भेटायचं, तर पासपोर्ट एकच निवडा

भारतीय आई-बापांच्या परदेशात जन्मलेल्या मुलाला सज्ञान होईपर्यंत दोन्ही देशांचे पासपोर्ट बाळगू द्यावेत, असं माझं ठाम मत झालं आहे. गेले काही महिने लेकीच्या कागदपत्रांमागे पळताना ते झालं. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आम्ही दोघं न्यू जर्सीत, ग्रीन कार्डवर. पासपोर्ट दोघांचेही भारतीय. लेक इथे जन्मली म्हणून जन्माने अमेरिकन. साताऱ्याहून आईचा फोन आला, "अगं, तू भारतीय, जावई भारतीय, मग पोरगी परकी कशी?" तिला समजावताना कायदा मीच पहिल्यांदा नीट वाचला.

आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 4 असं सांगतं: 3 डिसेंबर 2004 पासून पुढे परदेशात जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील भारतीय असतील, तर वर्षाच्या आत भारतीय वाणिज्य दूतावासात जन्मनोंदणी करून त्याला भारताचं नागरिकत्व मिळू शकतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. आणि याच कलमात पुढे असंही आहे की असं मूल दुसऱ्या देशाचंही नागरिक असेल, तर अठरा पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांत त्याने ते दुसरं नागरिकत्व सोडावं, नाहीतर भारताचं जाईल. म्हणजे लहानपणी दोन्ही नागरिकत्वं असू शकतात, हे आपल्या संसदेनेच मान्य केलेलं आहे.

अडतं ते एका अटीवर. नोंदणी करताना आई-वडिलांनी लेखी द्यायचं असतं की या मुलाकडे दुसऱ्या कुठल्याही देशाचा पासपोर्ट नाही. आता अमेरिकेचा कायदा बघा. अमेरिकन नागरिकाने, मग तो तान्हा का असेना, देशाबाहेर जाताना आणि परत येताना अमेरिकन पासपोर्टच वापरायचा. भारतीय पासपोर्टवर तिला साताऱ्याला नेलं असतं, तर परत आणताना तिला व्हिसा कोण देणार? स्वतःच्याच नागरिकाला अमेरिका व्हिसा देत नाही. एका देशाचा कायदा म्हणतो पासपोर्ट घ्या, दुसऱ्याचा म्हणतो घेतलात तर आमच्याकडे येऊ नका. जे मूल प्रवासच करणार नाही त्याचं दुहेरी नागरिकत्व कागदावर टिकतं, आणि ज्याला आजीच्या मांडीवर ठेवायला न्यायचं आहे त्याचं भारतीयत्व तिकीट काढण्याआधीच बाजूला ठेवावं लागतं. हे मला पटत नाही.

माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट शेजारी ठेवते. ती पुण्याची, तिचा नवरा लंडनमध्ये जन्मलेला ब्रिटिश नागरिक, बाळ अमेरिकेतलं. त्या बाळाला वडिलांकडून ब्रिटिश नागरिकत्व मिळालं, जन्मभूमीकडून अमेरिकन. दोन पासपोर्ट काढले आणि प्रश्न मिटला. अमेरिकेतून निघताना एक, हीथ्रोला उतरल्यावर दुसरा. ब्रिटनने तर फेब्रुवारी 2026 पासून दुहेरी नागरिकांनी येताना ब्रिटिश पासपोर्ट किंवा तसा हक्काचा दाखला दाखवलाच पाहिजे, असा नियम लागू केला आहे. तिथला कायदा दुसरा पासपोर्ट आड येऊ देत नाही, उलट आमचाही काढा म्हणतो. त्या बाळाला आईच्या देशाचा पासपोर्ट मात्र मिळत नाही.

तुम्ही म्हणाल, ओसीआय आहे ना, म्हणजे परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतवंशीयांना भारत देतो ते कार्ड. आहे, आणि आम्हीही तोच अर्ज करतोय. आयुष्यभराचा व्हिसा म्हणून त्याचं मोल मी नाकारत नाही. पण त्यात मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. बाबांच्या रानाचा वाटा तिला वारशाने मिळू शकतो, पण शेजारचा तुकडा विकायला निघाला तर तो ती घेऊ शकणार नाही. 2002 मध्ये लक्ष्मीमल्ल सिंघवी समितीने ठराविक देशांतल्या भारतवंशीयांसाठी दुहेरी नागरिकत्वाची शिफारस केली होती. त्यातून पुढे ओसीआय आलं, खरं दुहेरी नागरिकत्व नाही.

निष्ठेचा मुद्दा मी समजू शकते. दोन देशांचा पासपोर्ट खिशात ठेवणाऱ्या मोठ्या माणसाबद्दल सरकारला शंका येत असेल, तर त्यावर वाद घालता येईल. पण पाळण्यातल्या मुलाच्या निष्ठेचा प्रश्न कुठून येतो? मी नवीन तत्त्व मागत नाही. निवड अठराव्या वर्षी करायची, हे कायद्यात आहेच. फक्त ती पासपोर्टची अट काढा आणि ती निवड खरंच तिला करू द्या. आज ती तिच्या वतीने आम्ही करतोय, तीही विमानाच्या तारखा बघून.

आता ज्यांना लवकरच निघायचंय त्यांच्यासाठी. सुरुवात जन्मदाखल्यापासून होते, आणि तो बारशाची वाट बघत नाही. आमच्या हॉस्पिटलमध्ये दुसऱ्याच दिवशी नावाचा फॉर्म पुढ्यात आला. नाव आधीच पक्कं करा, मधलं नाव वडिलांचं लावायचं की नाही तेही ठरवा, कारण पुढचा प्रत्येक कागद त्याच दाखल्यावरून होतो. आणि एक गोष्ट आपल्याकडच्या बायकांना हमखास नडते: इथल्या जन्मदाखल्यावर आईचं लग्नाआधीचं नाव येतं. माझ्या पासपोर्टवर सासरचं आडनाव, लेकीच्या दाखल्यावर माहेरचं. दोन्ही नावांची बाई एकच आहे हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला लागतो. तो भारतात कपाटात पडला असेल तर आजच मागवा.

सोळा वर्षांखालच्या मुलाच्या अमेरिकन पासपोर्टसाठी आई, वडील आणि बाळ तिघांनीही समोर हजर राहायचं. एकाला जमत नसेल तर नोटरी केलेलं संमतिपत्र लागतं. अर्जावर घरून सही करून जाऊ नका. आम्हा दोघांना अर्ज घेणाऱ्या पोस्टातल्या बाईंनी उजवा हात वर करून शपथ घ्यायला लावली, मग सह्या घेतल्या. अर्जाचे 100 डॉलर, स्वीकारण्याचे 35, घाई असेल तर वर 60. फोटोसाठी बाळाला पांढऱ्या चादरीवर झोपवून वरून काढा, म्हणजे मान धरायची भानगड नाही. हात किंवा सावली फोटोत आली की तो नापास. तान्ह्याचे डोळे पूर्ण उघडे नसले तरी चालतं. हा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. ओसीआयचा अर्ज तो हातात आल्यावरच करता येतो, म्हणून पहिल्या खेपेला वेळ कमी असेल तर बाळासाठी ई-टुरिस्ट व्हिसा काढून जाता येतं. ओसीआय परत आल्यावर करा.

ब्रिटनमध्ये वर्क व्हिसावर असलेल्यांनी मात्र हे सगळं स्वतःला लावून घेऊ नका. तुमचं बाळ तिथे जन्मलं म्हणून ब्रिटिश होत नाही. त्याची भारतीय उच्चायुक्तालयात वर्षाच्या आत नोंदणी करा, भारतीय पासपोर्ट काढा, आणि परत येण्यासाठी त्याचा ब्रिटनचा व्हिसा लागेल हे धरूनच सुट्टी ठरवा.

आणि घरच्या मंडळींना एक विनंती. "कधी येताय?" हे जरूर विचारा, पण पासपोर्ट हातात येईपर्यंत तिकिटं काढायचा आग्रह धरू नका. माझ्या सासूबाईंनी बारसं व्हिडिओ कॉलवर केलं, गोविंद घ्या गोपाळ घ्या तिकडून म्हणाल्या, आणि उष्टावण मात्र कोल्हापूरलाच करायचं असं आमचं ठरलं आहे.