गोळी विचारता तसं जेवण पण विचारा

एचआयव्ही असलेल्या लहान मुलांचा विषय निघाला की पहिला प्रश्न गोळ्यांचाच येतो, गोळी चुकत नाही ना, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) किती आला वगैरे. तो यायलाच पाहिजे. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची रोजची औषधं, मिळालीच नाहीत तर जन्मापासून एचआयव्ही असलेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी दोन वर्षांची व्हायच्या आत जातात. २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या चेर नावाच्या अभ्यासात दिसलं की तान्ह्या बाळांना लक्षणांची वाट न बघता लगेच औषध सुरू केलं तर मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी होतात, म्हणजे औषधाबद्दल वाद नाहीच.

पण ते लेकरू दिवसभर जेवलं काय, हे तितक्याच काळजीने का विचारलं जात नाही? या मुलांचं शरीर आतून सतत लढत असतं, त्यामुळे बाहेरून एकदम ठणठणीत दिसणाऱ्या मुलालाही साधारण १० टक्के जास्त ऊर्जा लागते, सारखं आजारी पडत असेल तर २० ते ३० टक्के आणि वजन फारच उतरलं असेल तर ५० ते १०० टक्के जास्त. हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेचे आहेत. आणि नेमकं त्याच वेळी भूक मेलेली असते, तोंडात पांढरे चट्टे आलेले असतात, गिळताना दुखतं, जुलाब चालू असतात. अशा वेळी "खात नाही, नखरे करतंय" म्हणून ओरडू नका हो, आधी त्याचं तोंड उघडून बघा. मऊ, कोमट, कमी तिखट असं थोडं थोडं पण दिवसातून पाच-सहा वेळा द्या, त्यात चमचाभर तेल किंवा तूप जास्त घाला, तेवढ्याच घासात ताकद वाढते.

मला खरा राग येतो तो पावडरी विकणाऱ्यांचा. घाबरलेल्या आईबापांना इम्युनिटी वाढवतो म्हणून महागडा डबा गळ्यात मारायचा आणि त्या पैशात घरात आली असती ती अंडी, डाळी, फळं राहून जायची. एचआयव्ही आहे म्हणून जेवणात प्रोटीनचं प्रमाण वेगळं वाढवावं लागतं असं काही नाही, सगळ्यांचंच साधं चौरस जेवण, फक्त जरा जास्त. कुपोषण झालं असेल तर उपचाराचा आहार वेगळा असतो, तो डॉक्टर देतील. आणि हो, डोल्युटेग्रॅव्हिर हे एचआयव्हीचं औषध चालू असेल तर लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका, उपाशीपोटी दोन्ही एकत्र गेलं तर औषध नीट शोषलं जात नाही, वेळ विचारून घ्या.

ताट वेगळं, पेला वेगळा, कोपऱ्यात बसवून जेवायला द्यायचं, हे अजूनही चालतं बघा. एकत्र जेवल्याने, उष्टं खाल्ल्याने एचआयव्ही होत नाही, हे इतक्या वर्षांनी परत परत सांगावं लागतं! वेगळं बसवलेलं मूल दोन घास कमीच खाणार ना, कोणाला भूक लागेल तिथे?

अजून एक, भरवणाऱ्या माणसाकडे कोणाचंच लक्ष नसतं. बऱ्याचदा आई स्वतः एआरटीवर असते, किंवा आईबाप दोघंही गेलेले असतात आणि थकलेली आजी सगळं बघत असते. मदत करायचीच असेल तर वाढदिवसाला एकदा खाऊचं पाकीट देऊन फोटो काढण्यापेक्षा त्या घरी दर महिन्याला किराणा पोचेल असं बघा, तपासणीला जायचं गाडीभाडं द्या, आणि मुलाच्या आजाराचा गवगवा न करता द्या.

घरच्यांना एकच विनंती, दर भेटीला वजन आणि उंची मोजून कार्डावर लिहून घ्या आणि मागच्या आकड्याशी ताडून बघा. वजन घटलं किंवा महिनोन्महिने तिथेच अडकलं असेल तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, लगेच दाखवा, टीबीची तपासणी करायला सांगा आणि गोळ्या खरंच पोटात जातायत का, उलटून पडतायत का तेही सांगा. वाढत्या वयात औषधाचा डोस वजनावरच ठरतो, त्यामुळे वजन वाढलं तरीही ते डॉक्टरांना कळायलाच हवं.