ब्रेक पूर्ण खेचून पॅराग्लायडर ‘सरळ खाली’ येत नाही

‘ढगाने वर ओढलं तर दोन्ही ब्रेक पूर्ण खेचून धरा. विंग थांबते, तुम्ही सरळ खाली येता. मग हात सोडा.’ हा मेसेज, सोबतच्या आणखी काही सल्ल्यांसकट, पॅराग्लायडिंगच्या ग्रुपांवर फिरतोय. कामशेतला नुकत्याच शिकलेल्या माझ्या भाच्याने तो जपून ठेवलाय, म्हणून हे लिहितोय.

ब्रेक, म्हणजे विंगची (डोक्यावरच्या कापडी पंखाची) मागची कड खाली ओढणाऱ्या हातातल्या दोऱ्या, पूर्ण खेचले की फुल स्टॉल होतो: विंग उडायचीच थांबते. विंग झटक्यात मागे पडते, आपण पाठीवर कोसळतोय असं वाटतं आणि घाबरून माणूस हात वर करतो. नेमकं तेच करायचं नसतं! मागे पडलेली विंग हवा धरून पुढे झेपावते, कधी पायलटच्याही खाली जाते. मग दोऱ्या सैल आणि माणूस कापडात. विंग डोक्यावर परत येईपर्यंत हात खालीच दाबून ठेवावे लागतात. मग दोन्ही हात सारखे, सावकाश, साधारण खांद्यापर्यंत आणायचे, म्हणजे विंगचे कप्पे (सेल) हवेने भरतात आणि टोकं उघडतात. त्यानंतर हात पूर्ण वर, आणि पुढची झेप ब्रेकने अडवायची. एक हात आधी सुटला तर विंग गिरकी घेते, टोक दोऱ्यांत अडकतं. हे एसआयव्ही कोर्समध्ये (अशी संकटं मुद्दाम घडवून सावरायला शिकवतात तिथे), पाण्यावर, भरपूर उंचीवर शिकायचं. क्षितिजही दिसत नाही अशा ढगात नाही.

‘ए वर्गाची विंग स्वतः सावरते’ म्हणे. ए म्हणजे नवशिक्यांसाठीचा वर्ग. ज्या ईएन ९२६-२ मानकाने हा वर्ग ठरतो, त्यात फुल स्टॉलमधून निघताना विंग किती पुढे झेपावते हेही तपासतात. तेही शांत हवेत, सरावलेल्या चाचणी पायलटकडून.

स्पायरल (विंग तिरकी करून घट्ट गिरक्या घेत उतरणं) सर्वांत वेगाने खाली आणतो, हे मात्र मान्य. पण तीन-चार जी (आपल्या वजनाच्या तीन-चार पट भार) सोसावे लागतात, शुद्ध हरपू शकते, आणि बाहेर पडायचं ते एकेका फेरीत वेग कमी करत.

इअर्समध्ये (विंगची दोन्ही टोकं दुमडून उतरताना) ब्रेकने वळायचं नाही, अंग झुकवून वळायचं. आधी इअर्स, मग स्पीडबार (पायाने दाबून वेग वाढवायची दांडी), सोडताना उलट. बी-स्टॉल (दुसऱ्या रांगेच्या दोऱ्या खाली ओढून विंग थांबवणं) ‘हळूहळू’ सोडा हेही चूक: दोन्ही रायझर (दोऱ्या जोडलेले पट्टे) एकदम, सारखे सोडायचे, नाहीतर डीप स्टॉल, म्हणजे विंग फुगलेली पण पुढे उडत नाही. आणि आकडे बघा. इअर्सने सेकंदाला तीनेक मीटर, बी-स्टॉलने सहा ते आठ. ढग दहा मीटरने ओढत असेल तर दोन्हींतही तुम्ही वरच जाणार. फेब्रुवारी २००७मध्ये ऑस्ट्रेलियात मॅनिलाजवळ पायलट इव्हा विश्निएर्स्का गडगडाटी ढगात ओढली जाऊन ९,९४६ मीटरवर पोचली. ती वाचली, त्याच वादळात सापडलेला चिनी पायलट गेला. वळवाचा ढग वाढताना दिसला की ओढ लागण्याआधीच त्याच्यापासून दूर निघायचं.

शेवटचा मुद्दा, ‘डीप स्टॉलमध्ये ब्रेक मारून विंग जागी करा’. त्याने फुल स्टॉल होईल. वाऱ्याचा आवाज बंद, ब्रेक मऊ, पुढची गती नाही आणि खाली मात्र जाताय, असं झालं तर हात पूर्ण वर. तरी विंग उडेना तर स्पीडबार दाबा किंवा ए रायझर (सर्वांत पुढचे पट्टे) पुढे ढकला. जमीन अगदी जवळ असेल तर काहीच छेडू नका. पाय जुळवा, गुडघे किंचित वाकवा आणि लोळण घेत उतरा.