शनिवार, दुपारचे तीन वाजून चार मिनिटं

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी तीन वाजून चार मिनिटांनी मी स्टॉकहोममध्ये, घराजवळच्या दारूच्या दुकानासमोर उभी होते आणि दार उघडत नव्हतं. आत दिवे होते, माणसं होती, शेवटची रांग गल्ल्याकडे सरकत होती. आतल्या बाईने माझ्याकडे पाहिलं, मनगटावर बोट ठेवलं आणि खरंच वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. संध्याकाळी चौघं जेवायला येणार होती. रविवारी दुकान बंदच असतं, म्हणजे आता थेट सोमवार.

त्याच वेळी खिशात फोन थरथरत होता. आजोळच्या ग्रुपवर भांडण पेटलं होतं. विषय नेहमीचाच, पुण्यात पब किती वाजेपर्यंत चालू द्यावेत. पुण्यात नोकरी करणारा मामेभाऊ लिहीत होता, 'आपल्याकडेच दीड वाजला की पोलीस काठी आपटत येतात. ताई, तू सांग यांना, तिकडे युरोपात असं घड्याळ लावून बसतं का कोणी?' निफाडचे मामा माळकरी. त्यांचं उत्तर, 'तिकडचं तिकडेच राहू दे. त्यांना ना घर ना दार. आपली पोरं बिघडवायची नाहीत.' दोन्ही बाजूंची साक्षीदार मीच, आणि साक्षीदार रिकामी पिशवी घेऊन बंद दारासमोर.

नऊ वर्षं मी इथे राहते. स्टॉकहोमचे बार देखणे आहेत. प्रत्येक टेबलावर मेणबत्ती, लांब काळे कोट, मंद दिवे, आणि हळू आवाजात बोलणारी, जाहिरातीतून उठून आल्यासारखी माणसं. पाहुणे येतात, फोटो काढतात आणि 'काय मोकळं वातावरण आहे' म्हणत परत जातात. त्या मोकळेपणाच्या मागे सरकार किती घट्ट बसलंय ते फोटोत येत नाही.

साडेतीन टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेली बाटली घरी न्यायची, तर सिस्टेमबोलागेत या एकाच सरकारी कंपनीच्या दुकानातून. लोक नुसतं 'सिस्टेमेत' म्हणतात. दोनावर एक फ्री नाही, दिवाळी ऑफर नाही. जास्त नफा कमावणं हे कंपनीचं उद्दिष्टच नाही. दुकानातून विकत घ्यायला वय वीस लागतं, बारमध्ये बसून प्यायला अठरा पुरतं. पंचविशीच्या आतले दिसलात तर ओळखपत्र मागतात. ओळखपत्राला इथे 'लेग' म्हणतात. पहिल्यांदा एका दारवानाने 'लेग?' विचारलं तेव्हा मी गोंधळून आपल्या पायांकडे बघितलं होतं.

ही सावधगिरी जुनी आहे. १९१७ पासून १९५५ पर्यंत स्वीडनमध्ये दारूचं रेशनकार्ड होतं, त्याला 'मूतबूक' म्हणत. इव्हान ब्राट नावाच्या डॉक्टरची ही कल्पना. प्रत्येक खरेदीची नोंद त्या पुस्तिकेत व्हायची. लग्न झालेल्या बाईला सहसा वेगळं कार्ड मिळतच नसे. ब्राटला दारूबंदी नको होती, म्हणूनच त्याने मोजून दारू देण्याची ही सोय काढली. १९२२ मध्ये संपूर्ण दारूबंदीवर सार्वमत झालं आणि बंदी अगदी थोडक्यात हरली, साधारण ५१ विरुद्ध ४९. बायकांची आणि पुरुषांची मतं तेव्हा वेगवेगळी मोजली होती. बायकांचा कौल बंदीच्या बाजूने होता, पुरुषांचा विरुद्ध.

हे वाचलं तेव्हा मला आपली आडवी बाटली आठवली. महाराष्ट्रात गावातल्या किंवा वॉर्डातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर तिथलं दारूचं दुकान बंद होतं. माझ्या आजीच्या पिढीतल्या बायकांना दारूचा राग होता, आणि संस्कृतीशी त्याचा काही संबंध नव्हता. पगाराच्या दिवशी घरात काय उरतं, एवढाच हिशोब होता. सार्वमतातल्या स्वीडिश बायकांचा हिशोब फार वेगळा नसणार. म्हणून मामांची बाजू मला पूर्ण खोडता येत नाही. 'त्यांना घर ना दार' हे मात्र खोडते. इथे शनिवारी तीनला दुकान बंद करणारे लोक घरादाराचाच विचार करून बंद करतात.

आपल्याकडचा कायदा तर इथल्यापेक्षाही कडक आहे, निदान कागदावर. १९४९ चा कायदा आजही दारूबंदीचा कायदा म्हणूनच ओळखला जातो. प्यायची तर परवाना लागतो. कडक दारूसाठी वय पंचवीस हवं, बिअरसाठी एकवीस. म्हणूनच हायवेवर दर दोन किलोमीटरवर 'परमिट रूम व बिअर बार' अशी पाटी दिसते. त्या परमिट रूममध्ये बसलेल्यांपैकी किती जणांच्या खिशात परमिट असतं, हे कुठल्याही वेटरला विचारा. पाच रुपयांचा एका दिवसाचा परवाना असतो, पण तो मागायचा असतो हेच बहुतेकांना माहीत नाही. परवाना न विचारणारं तेच सरकार उत्पादन शुल्काच्या आकड्याकडे डोळे लावून बसतं. जून २०२५ मध्ये तिजोरीसाठी कर वाढवला तेव्हा परमिट रूमवाले रस्त्यावर आले, आणि दारूबंदीच्या कायद्याखाली चालणारे बार एक दिवस संपावर गेले. स्वीडिश मित्रांना हे समजावून सांगायचा मी एकदा प्रयत्न केला. दोन वाक्यांत सोडून दिला.

दारू पिऊन गाडी चालवण्याचंही तसंच. स्वीडनची मर्यादा शंभर मिलीलिटर रक्तात साधारण २० मिलिग्रॅम, भारताची ३०, इंग्लंडची ८०. म्हणजे कायद्यात आपण स्वीडनच्या शेजारी आहोत. पण इथे माझ्या ऑफिसातले लोक दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा 'अजून उतरली नसेल' म्हणून गाडी काढत नाहीत. तिकडे १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं. गाडी सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात होती आणि आधी त्याला पबमध्ये दारू दिली होती, असा आरोप. जामिनाची एक अट तीनशे शब्दांचा निबंध. त्यानंतर पुण्यात महिनाभर चर्चा कशाची झाली? पब किती वाजता बंद करायचे याची. सतरा वर्षांच्या मुलाला पबने दुपारी चारला दारू दिली असती तर चाललं असतं का?

इथल्या शुक्रवारचं सांगते. पाचला 'आफ्टरवर्क' सुरू होतं, ऑफिसातून थेट बारमध्ये. बिअरचा ग्लास नव्वद-एक क्रोनर, आपले आठशेच्या पुढे रुपये. म्हणून तरुण मुलं आधी कोणाच्या तरी घरी जमून पितात. त्याला 'फोरफेस्ट' म्हणतात, पार्टीआधीची पार्टी. अकराच्या सुमाराला झिंगूनच बाहेर पडतात, म्हणजे बारमध्ये फार खर्च होत नाही. ज्यांना तेही परवडत नाही ते फिनलंडच्या बाजूला जाणाऱ्या बोटीने फेरी मारतात आणि करमुक्त बाटल्यांच्या ट्रॉल्या ओढत उतरतात. सिंधुदुर्गातून गोव्याला 'काकांकडे' जाणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको.

दारू वाढण्याचा परवाना हवा तर स्वयंपाकघर हवं, असा इथे वर्षानुवर्षं दंडक होता. त्यामुळे सोदेरमाल्मसारख्या भागात बिअरहॉल म्हणजे खानावळही. १९०८ पासून चालू असलेल्या क्वार्नेनमध्ये उंच छताखाली लाकडी टेबलं मांडलेली असतात आणि लोक बिअरबरोबर मीटबॉल आणि बटाटे खात बसतात. अशाच एका बारमध्ये एकदा माझ्या शेजारी पन्नाशीचा, भारी सूट घातलेला माणूस आला आणि आणखी एक व्हिस्की मागितली. बारवरच्या मुलीचं वय फार तर चोवीस. तिने त्याच्याकडे नीट बघितलं आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. म्हणाली, 'आज इतकंच.' तो थोडा वेळ ग्लासाकडे बघत राहिला, मग पाणी प्यायला आणि कोट घ्यायला गेला. झिंगलेल्याला वाढलं तर परवाना जाऊ शकतो, आणि तपासायला महापालिकेचे लोक खरोखर येतात, हे दोघांनाही माहीत होतं. आपल्याकडे त्या सूटवाल्याने कोणाला फोन लावला असता हे मला माहीत आहे. तुम्हालाही.

हे सगळं वाचून स्टॉकहोम म्हणजे रामराज्य वाटेल, तर तसंही नाही. स्त्यूरेप्लान नावाचा श्रीमंत चौक आहे. मध्यभागी काँक्रीटची भलीमोठी छत्री, तिच्याखाली लोक एकमेकांची वाट बघतात, आणि आजूबाजूला क्लबांच्या मखमली दोऱ्या. एका थंडीत आम्ही तिघी, एक बंगाली, एक तमिळ आणि मी, अशाच एका क्लबच्या रांगेत चाळीस मिनिटं उभ्या राहिलो. दारवानाने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सांगितलं, 'आज यादीतल्यांनाच.' आमच्या मागची दोन सोनेरी केसांची मुलं हसत आत गेली. यादी कुठे होती ती मला तरी दिसली नाही. तिथून आम्ही कबाब खायला गेलो आणि त्या दारवानाला तीन भाषांत शिव्या दिल्या.

आणि नाच! स्वीडनमध्ये १ जुलै २०२३ पर्यंत सार्वजनिक ठिकाणी लोकांना नाचू द्यायचं तर मालकाला पोलिसांची परवानगी लागायची. परवाना नसलेल्या बारमध्ये गिऱ्हाइकं आपसूक डोलायला लागली तरी मालकाला घाम फुटायचा. तरुण पोरापोरींनी एकत्र नाचणं म्हणजे समाजाचा ऱ्हास, या गेल्या शतकातल्या भीतीचं हे उरलेलं शेपूट. सगळ्यांना हास्यास्पद वाटत असूनही ते तोडायला वर्षानुवर्षं गेली. हे मी ग्रुपवर टाकलं तेव्हा मामेभावाने हसण्याच्या दहा स्मायली पाठवल्या. मग मी त्याला २००५ ची आठवण करून दिली. तेव्हा महाराष्ट्राने डान्स बार बंद केले, पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट दिली. म्हणजे पनवेलच्या बारमधला नाच अश्लील आणि पंचतारांकितमधला कला. हा भेदभाव उच्च न्यायालयात टिकला नाही आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकला नाही. तोवर त्या बारबालांची आठ वर्षं गेली होती. स्त्यूरेप्लानच्या मखमली दोरीपाशी मला हेच आठवलं होतं.

मला स्वतःला विचाराल, तर मी इथे रात्री बाहेर पडते ती बारसाठी नाही, परतीच्या गाडीच्या भरवशावर. शुक्रवारी आणि शनिवारी इथली भुयारी रेल्वे रात्रभर चालते. रात्री अडीचला डब्यात दोन झिंगलेली मुलं गात असतात, एक नर्स ड्यूटीवरून परतत असते, कोणीतरी कबाबचा रस मांडीवर सांडलेला असतो. मी माझ्या स्टेशनावर उतरते, बर्फावर खडी टाकलेल्या, दिव्याखालच्या फुटपाथवरून सातशे मीटर चालते आणि घरी येते. काही उपनगरांत टोळ्यांचे गोळीबार होतात, बातम्या मीही वाचते, आणि चालताना किल्ल्या मुठीत धरायची पुण्यातली सवय अजून सुटलेली नाही. तरी चालते. मुंबईत जानेवारी २०२० मध्ये 'नाइट लाइफ'चा गाजावाजा झाला. मॉल आणि उपाहारगृहं रात्रभर उघडी ठेवायची मुभा मिळाली, बारची वेळ दीडचीच राहिली. चर्चगेटहून शेवटची बोरिवली लोकल मात्र एकच्या सुमाराला सुटते. बार बंद होण्याआधी गाडी बंद. त्या मधल्या अर्ध्या तासावर मी आजवर एकही अग्रलेख वाचलेला नाही. तिकडे वाद कायम दाराच्या आतल्या गोष्टींवर, आणि बाई अडकते ती दाराबाहेर.

तर त्या शनिवारी मी दारूचं दुकान सोडलं आणि शेजारच्या सुपरमार्केटमध्ये गेले. तिथे साडेतीन टक्क्यांपर्यंतची हलकी बिअर मिळते, तिचे काही कॅन घेतले. आणि फळांच्या रांगेत बिनबियांची हिरवी द्राक्षं, डब्यावर 'इंडिएन'. या दिवसांत भारतातून येतात ती बहुतेक आमच्याच बाजूची.

२०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हे' आणि 'महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र' अशा दोन आरोळ्यांत अख्खा महिना गेला. दोन्ही बाजू द्राक्षबागायतदाराचं नाव घेत होत्या आणि निर्णय अमलात आलाच नाही. मामांच्या बागेतली द्राक्षं खायची, वाईनची नव्हेत. तेव्हा त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. स्वीडनमध्येसुद्धा मळ्यावर केलेली वाईन मळ्यावरच विकायची मुभा १ जून २०२५ ला मिळाली, आणि तीही गिऱ्हाइकाला आधी माहितीपर फेरी मारायला लावून. हे ऐकून मामा म्हणाले होते, 'म्हणजे आधी कीर्तन, मग प्रसाद.'

मी डब्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, इथल्या सुपरमार्केटात वाईन मिळत नाही, निफाडची द्राक्षं मिळतात. मामेभाऊ काही बोलला नाही. मामांनी विचारलं, 'किलोला काय भाव?' मी हिशोब करून कळवलं, आपले सहाशेच्या आसपास.

मामा बराच वेळ टाइप करताना दिसत राहिले. मग आलं, 'आम्हाला ९५ दिले होते.'