'पुण्यात पोरं उपाशी राहतातच कशी?' या फॉरवर्डला उत्तर

परवा एकाच दिवशी चार ग्रुपांवर तोच मजकूर आला. सोसायटीच्या, माजी विद्यार्थ्यांच्या, घरच्या आणि, कहर म्हणजे, आमच्या स्टाफच्याही. थोडक्यात असा: पुण्यात शिकायला येणाऱ्या पोरांना रेशन फुकट, दहा रुपयांत शिवभोजन, वर सरकार वर्षाला साठ हजार खात्यात टाकतं, आणि हातात मोबाइल तर असतोच. तरी कॉलेजं 'योजना मदत कक्ष' म्हणून टेबलं मांडतात, ही नुसती नौटंकी. ज्याला खरी भूक असते तो शोधत येतो. आणि आमच्या वेळी लोक वार लावून, म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवून, शिकले. खाली 'पटलं तर पुढे पाठवा'.

मला पटलं नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पोरांना घेऊन असलंच एक टेबल मी चार वर्षं कॉलेजच्या जिन्याखाली मांडतोय. तेव्हा एकेक मुद्दा घेतो.

'रेशन फुकट आहे आणि एक देश एक रेशन कार्डमुळे ते पुण्यातही मिळतं.' कागदावर खरं आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे, आणि गावचं कार्ड हडपसरच्या दुकानातही चालतं. पण हे सगळं प्राधान्य आणि अंत्योदयवाल्यांचं, म्हणजे गरीब आणि अतिगरीब कुटुंबांचं. घरात केशरी कार्ड आहे म्हणजे धान्य आहेच असं नाही. प्राधान्य यादीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये ठेवलेली. त्याहून गंमत मराठवाड्याची. तिथले आठही जिल्हे, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा, अशा चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना २०२३ पासून धान्याऐवजी रोख रक्कम मिळते. आधी माणशी महिना १५०, मग १७० रुपये, आणि तीही घरातल्या कर्त्या बाईच्या खात्यात. त्या घरचा मुलगा पुण्यातल्या दुकानात कितीही वेळा अंगठा लावो, मशीन त्याला काय देणार?

बरं, प्राधान्यवाल्याचं तरी सुरळीत होतं का? गेल्या पावसाळ्यात परभणीकडचा एक मुलगा टेबलाशी आला. दुकानदाराने सांगितलं होतं, 'तुझं धान्य उचललंय.' कोणी चोरलं नव्हतं. गावात आईने महिन्याच्या सुरुवातीलाच पाच माणसांचं पंचवीस किलो एका अंगठ्यावर घरी नेलं होतं, दरवेळी नेते तसं. कार्डाचा कोटा एकच, तो गावात पूर्ण उचलला की पुण्यात शिल्लक शून्य. आम्ही तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. पोरगं म्हणालं, 'माय, पुढल्या महिन्यात माझं पाच किलो उचलू नको, मी हितं घेतो.' ती म्हणाली, 'घे की बाबा. पण शिजवशील कशात?'

टेबलाभोवती सगळे गप्प. आम्ही कार्ड, आधार, ई-केवायसी सगळं तपासलं होतं, हे विचारायचं राहून गेलं होतं. पोरगं कॉट बेसिसवर राहतं. एका खोलीत चौघं, गॅसला सक्त मनाई. गहू दिले तर गिरणी शोधा, पीठ झालं तर तवा कुठून आणायचा? शेवटी घरमालकीणबाईंनी राइस कुकर चालेल म्हटलं, विजेचे महिना शंभर रुपये जास्त घेऊन. आता चौघांपैकी ज्या दोघांची नावं प्राधान्य कार्डावर आहेत ते आपला वाटा इथे उचलतात. भात भागतो, पोळीचं अजून जमलेलं नाही. फॉरवर्डात हे एका ओळीत उरकलं होतं.

'दहा रुपयांत शिवभोजन आहे.' आहे, आणि चांगली योजना आहे, २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. थाळीत ठरवून दिलेलं माप असं: तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. वीस वर्षांच्या मुलाचं हे दुपारचं एक जेवण, तेही जेमतेम. प्रत्येक शिवभोजन केंद्राला थाळ्यांचा कोटा ठरलेला, वेळ दुपारची, नेमकी प्रॅक्टिकलची. रात्री काय? दहा रुपयांत दिवस निघतो असं म्हणणाऱ्याने एकदा रात्री साडेआठला केंद्र शोधून दाखवावं.

'सरकार साठ हजार खात्यात टाकतं.' हा मुद्दा खोटा नाही, अर्धवट आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार. पुण्यात तिन्हींची रक्कम वर्षाला ६०,०००. स्वाधारमध्ये त्यातले जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. दहा महिन्यांना भागलं तर जेवणाला महिना ३,२००. आमच्या कॉलेजच्या आसपास दोन वेळच्या मेसला जवळपास तेवढेच लागतात. हिशेब जुळतो की! फक्त मेसवाल्या काकू पहिल्या तारखेला ॲडव्हान्स मागतात आणि सरकारचा हप्ता येतो तेव्हा येतो. मधल्या महिन्यांत पोरगं एक वेळची मेस लावतं आणि रात्री वडापाववर काढतं. उत्पन्नाचा दाखला, भाड्याचा करारनामा, हजेरीचं पत्र, आधारला जोडलेलं खातं, यातलं एक अडलं की सगळंच अडतं. आमच्याकडे एका मुलीचा अर्ज वडिलांच्या नावातल्या एका वेलांटीसाठी दोन महिने अडकला होता.

रोख की ताट, हा वादही जुना आहे. आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून पैसे खात्यात देण्याचा निर्णय झाला, तेव्हा जुलै २०१८ मध्ये विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. मागणी साधी होती, आम्हाला पैसे नकोत, जेवण द्या. खात्यात पैसे आले म्हणजे पोट भरलं, हे समीकरण त्यांनी तेव्हाच नाकारलं होतं. आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेसाठी बसलेल्या मुलांचं काय? ती कुठल्याच कॉलेजच्या पटावर नाहीत, त्यामुळे हजेरीचं पत्र मागणाऱ्या योजना त्यांच्या नाहीतच.

'ज्याला खरी भूक असते तो शोधत येतो.' या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. आमच्याकडे पोरं येतात ती 'मित्राला विचारायचं होतं' असं म्हणत. नियम किचकट असले की भुकेला माणूसही परत फिरतो, आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत 'स्नॅप' नावाची सरकारी अन्नमदत आहे. तिथे अर्धवेळ किंवा जास्त शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ती सहसा मिळत नाही, आठवड्याला वीस तास पगारी काम किंवा लहान मूल सांभाळणं असा काही अपवाद लागू असला तरच. तिथल्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने डिसेंबर २०१८ मध्ये अहवाल दिला. पात्र ठरू शकतील अशा सुमारे ३३ लाख विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ २० लाखांनी मदत घेतल्याचं सांगितलं नव्हतं. विद्यार्थ्यांनाच काय, कॉलेजातल्या कर्मचाऱ्यांनाही नियम धड माहीत नव्हते. तिथेही मग कॉलेजच्या आवारात टेबलंच मांडावी लागली.

मोबाइलचा टोमणाही त्यातच होता. मोबाइल आहे म्हणून तर महाडीबीटीचा, म्हणजे योजनांचे अर्ज भरायच्या सरकारी पोर्टलचा, ओटीपी येतो, काका.

राहिला वार. वार लावून जेवण्याचा पुण्याला अभिमान आहे, असू द्या. पण ज्या घरांत वार लागायचे तिथे कुणाची पोरं पंगतीला बसायची, हेही जरा आठवावं. बाकीच्यांसाठी कोल्हापुरात शाहू महाराजांना जातीजातींची वसतिगृहं काढावी लागली, साताऱ्यात बोर्डिंगच्या पोरांच्या जेवणासाठी भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना मंगळसूत्र मोडावं लागलं.

घरच्या ग्रुपवर तो मजकूर टाकणारे आमचे थोरले काका स्वतः वार लावून शिकलेले, वय आता पंच्याऐंशीच्या पुढे. रविवारी गेलो तेव्हा विचारलं, 'काका, तुम्हाला वार मिळाले कसे? तुम्ही दारोदार फिरलात?' म्हणाले, 'छे रे, मला कुठली धिटाई. मास्तर फिरले. सहा घरं त्यांनी ठरवून दिली.'

'आणि सातवं?'

'सातवं नाही मिळालं. शनिवारी मी उपास सांगायचो.'