खुलासा : अंध विद्यार्थी आणि रसायनशास्त्राचे प्रयोग
‘रसायनशास्त्रात सगळं रंगावर ठरतं, म्हणून अंध मुलांनी ते नुसतं पाठ करायचं, प्रयोग त्यांना जमणार नाहीत’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

आम्ल की आम्लारी, हे ओळखायला लिटमसच लागतो असं नाही. कांद्याचा वास आम्लात टिकतो, आम्लारीत जवळपास जातो, व्हॅनिलाचंही तसंच. शालेय पाठ्यपुस्तकांतही ही चाचणी आहे. (अनोळखी रसायन हुंगायचं नाही, हा नियम डोळस मुलांनाही आहेच.) द्रव मोजायला सिरिंजच्या दट्ट्याला खाचा पाडतात, नख खाचेत अडकलं की थांबायचं. तापमान बोलका थर्मामीटर सांगतो. रेणूची रचना तर मला वाटतं बोटांनाच जास्त नीट कळते: मिथेनचे चार हायड्रोजन एका पातळीत नसतात, हे फळ्यावरच्या सपाट आकृतीत कुठे दिसतं? गोळ्या-काड्यांची प्रतिकृती हातात घेतली की लगेच कळतं.

जन्मापासून अंध असलेल्या हेन्री वेडलर यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतून सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडी केली आहे.

लिटमसचा रंग बदललेला दिसत नाही, एवढंच त्या मेसेजमधलं खरं. कृपया तो पुढे पाठवू नका, आणि ज्या ग्रुपवर आला असेल तिथे हा खुलासा टाका.