मांजरीचं ऑपरेशन कसं लांबवावं

तुमच्या घरी मनी आहे. वय पाच-साडेपाच महिने. परवा रात्री तिनं अचानक गळा काढला, फरशीला छाती टेकवली, शेपूट बाजूला घेतली आणि घरभर लोळत सुटली. तुम्हाला वाटलं पोटात दुखतंय. पोटाला हिंग लावलात. आजी म्हणाली दृष्ट लागली. सकाळी दवाखान्यात नेलीत तर डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा, तुमच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "माजावर आलीये. हे ओसरलं की नसबंदीचं ऑपरेशन करून टाका."

इथेच बहुतेक लोक चुकतात. ते हो म्हणतात. आठवड्या-दोन आठवड्यांत सगळं आटोपतं, मांजर दोन दिवस मलूल राहते, नंतर फ्रीजवर चढते आणि विषय संपतो. पण ज्यांना घरातला एक विषय वर्षानुवर्षं जिवंत ठेवायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

सुरुवात पैशांपासून करावी. "किती?" असं विचारा आणि उत्तर येण्याआधीच चेहरा पाडा. शहरातल्या खासगी दवाखान्यात बोक्याचं काम साधारण दोन-पाच हजारांत होतं, भाटीला चार ते आठ हजार धरून चाला, आणि कुत्रीचा हिशेब वजनावर, तो पंधरा हजारांच्या पुढेही सहज जातो. बोक्याचं स्वस्त का, असं विचारून डॉक्टरांना पेचात पकडल्याचा आनंद घ्या. ते शांतपणे सांगतील की बोक्याला बाहेरून दोन बारीक छेद पुरतात, टाकेही बहुधा लागत नाहीत; भाटीचं पोट उघडून गर्भाशय आणि बीजांडं काढावी लागतात. हे ऐकून मान डोलवा आणि म्हणा, "तरी पण."

मग बिलाची चिरफाड करा. रक्ततपासणी कशाला, तिला काही झालेलं नाही. सलाईन कशाला, ती पाणी पिते. वेदनाशामक पाच दिवसांचं कशाला, मांजरंच ती, सोसतात. गळ्यात घालायच्या त्या प्लास्टिकच्या शंकूचे वेगळे पैसे ऐकून तर उठूनच उभे राहा. घरी आइस्क्रीमचा डबा आहे, तो कापून घालू. टाके चाटून उघडले तर ते पुन्हा घालायचे पैसे वेगळे पडतील, पण ते पुढच्या महिन्याच्या खर्चात जातं.

एक पथ्य पाळा. भूल कोणती देणार, भूल असताना तिच्या श्वासाकडे कोण बघणार, आदल्या रात्रीपासून किती तास उपाशी ठेवायचं, संध्याकाळी काही बिघडलं तर फोन कुणाला करायचा, हे प्रश्न चुकूनही विचारू नका. डॉक्टर खूश होऊन नीट उत्तरं देतील, तुम्हाला त्यांचा भरवसा वाटायला लागेल आणि निर्णय होऊन बसेल. प्रश्न एकच, आणि तोही तीन दवाखान्यांत फोनवरून: "शेवटचं किती घ्याल?"

या काळात मनीचे लाड कमी पडू देऊ नका. तिच्यासाठी वाहत्या पाण्याचं कारंजं मागवा. पहिल्या वाढदिवसाचा ट्यूना केक आधीच ठरवून ठेवा. फोटोग्राफर ओळखीचा असला तरी त्याला पूर्ण पैसे द्या. मातीच्या डब्यात लव्हेंडरच्या वासाची वाळू घाला. कुणी दोन्ही खर्चांची बेरीज मांडलीच तर दुखावल्यासारखं करून म्हणा, "आम्ही तिला घरातलीच समजतो, पैशांचा प्रश्नच नाही."

पैशांचा प्रश्न नाही हे एकदा जाहीर झालं की कुणीतरी चोंबडेपणानं सांगेल, अमुक संस्थेत हेच ऑपरेशन खूप कमी पैशांत होतं, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याहून कमी. घाबरू नका. लगेच म्हणा, "स्वस्तात करतात म्हणजे नीट करत नसणार." तिथले डॉक्टर हेच काम रोज करतात, त्यामुळे त्यांचा हात जास्त बसलेला असतो, वगैरे माहिती ऐकूनच घ्यायची नाही. खासगी दवाखाना लुटतो आणि संस्थेचा भरवसा नाही. तेव्हा मधल्या भावाची जागा शोधत राहणं ओघानंच आलं. मांजरीचे दिवस नऊ आठवड्यांत भरतात. शोध तेवढा चालला तरी पुरे.

आता घरच्यांकडे वळू. इथे तुम्हाला फारसं काही करावं लागत नाही, फक्त विषय काढायचा. "एकदा तरी आई होऊ दे गं बिचारीला" हे वाक्य आपोआप येईल. एकदा व्यायल्यानं मांजरीची तब्येत सुधारते याला वैद्यकात काडीचा आधार नाही. उलट पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर पुढे स्तनांत गाठी व्हायची शक्यता खूप घटते, आणि मांजरींमधल्या या गाठी बहुतेक कर्करोगाच्याच निघतात. पण मातृत्वाच्या मंगल चर्चेत गाठी कुठे काढता! आजी म्हणेल, "मुक्या जिवाची कूस उजवू द्यावी, पाप लागतं." आजीनं स्वतः दुसऱ्या मुलानंतर सरकारी दवाखान्यात जाऊन ऑपरेशन करून घेतलं होतं, ही आठवण या वेळी काढणं वाईट दिसतं. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा ते माणसांपुरतं होतं, आणि तेही लोकांना नीट पचलं नाही. मांजरींनी आणखी शंभरेक वर्षं कळ काढावी.

काकांचा मुद्दा निसर्गाचा असतो. "निसर्गाच्या विरुद्ध जाऊ नये." हे ते सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जाळी लावलेल्या खिडकीशी, एसीखाली झोपलेल्या आणि पाकिटातलं तयार खाणं खाणाऱ्या मांजरीकडे बघून म्हणतात. त्यांना चहा द्या.

भावाला मात्र इंटरनेट येतं. तो सांगेल, "ऑपरेशनची घाई करू नये, हाडांची वाढ पूर्ण होऊ द्यावी, वर्ष-दीड वर्ष थांबावं." हे खरं आहे. मोठ्या चणीच्या कुत्र्यांच्या बाबतीत, जात आणि वजन बघून, डॉक्टर असं सुचवतातही. मनीचं वजन सव्वादोन किलो आहे हा तपशील बाजूला ठेवा आणि सल्ला शब्दशः पाळा. आणखी एक: ऑपरेशननंतर वजन वाढतं, हेही तो सांगेल. तेही खरं. खाणं थोडं कमी करायचं आणि खेळवायचं, इतकाच त्यावर उपाय असल्यानं तो आपल्या घरात शक्य नाही. बाबा तिला रोज चहाबरोबर बिस्किट देतात.

एवढ्या चर्चेत एखाद्या संध्याकाळी कामवाल्या मावशींकडून दार उघडं राहतं. मनी खाली जाते. परतते तेव्हा शांत झालेली असते, आणि "बघा, आपोआप बरी झाली" म्हणून तुम्ही हिंगाची डबी जागेवर ठेवता.

पिल्लं झाली की पहिले चार आठवडे सुखाचे. कपाटात तुमच्या पैठणीवर व्याली याचंही कौतुक होतं. एक पांढरं, एक पिवळं, एक काळं, एक तिरंगी. एका वेताची पिल्लं वेगवेगळ्या बोक्यांची असू शकतात. सोसायटीत त्यावरून कुजबुज होईल, लक्ष देऊ नका. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. तुमची मनी फ्लॅटमधली असल्यानं सातही घरं तुम्हालाच दाखवावी लागतील.

त्यासाठी मजकूर तयार ठेवा: "गोंडस पिल्लं, चांगल्या घरी द्यायची आहेत, प्राणिप्रेमींनीच संपर्क साधावा." हा मजकूर ज्या ग्रुपवर टाकाल तिथे बदाम येतील, "सो क्यूट" येईल, आणि एकजण लगेच आपल्याकडची तीन पिल्लं चिकटवून देईल. मग खरे फोन सुरू होतात. पहिलाच प्रश्न: "बोका आहे का? बोकाच हवा. भाटी नको हो, ती पिल्लं घालते." जन्मदरात मुलींची संख्या घटली म्हणून हळहळणारा आपला समाज या फोनवर कसा मोकळेपणानं बोलतो, हे ऐकण्यासारखं असतं. पांढरा बोका पहिल्याच दिवशी जातो. पिवळा दुसऱ्या रविवारी. काळं पिल्लू बघायला आलेले लोक "गोड आहे, पण घरी सासूबाई आहेत" असं म्हणून चहा पिऊन जातात. आणि तिरंगी पिल्लू जवळजवळ नेहमीच भाटी असतं, त्यामुळे त्याच्याबद्दल फोनच येत नाही.

उरलेल्या दोघींचं काय करायचं? यासाठी आंब्याची पेटी जपून ठेवावी. तळाशी तो पेंढा असू द्यावा, वर आपला जुना टी-शर्ट घालावा, म्हणजे आपल्या मनाला बरं वाटतं. पेटी घेऊन पहाटे मासळी बाजाराच्या मागे जायचं. "इथे खायला भरपूर आहे" असं बायकोला, म्हणजे स्वतःलाच, दोनदा सांगायचं. तिथल्या बलदंड बोक्यांकडे आणि टेम्पोच्या चाकांकडे बघायचं नाही. गाडी मात्र चालूच ठेवायची, कारण पिल्लं पेटीच्या फटीतून ओरडतात आणि कोळीणबाई बघतात.

कायद्याची भीती वाटते? अजिबात नको. उपाशी-तहानलेलं राहून हाल होतील अशा ठिकाणी प्राणी टाकून देणं हा १९६०च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात गुन्हाच आहे. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. १९६० साली पन्नास रुपयांत महिन्याचा किराणा येत असेल. आज बाजाराबाहेर पार्किंगला त्याच्या आसपास जातात. ऑपरेशनचे सहा हजार एका बाजूला आणि हे पन्नास दुसऱ्या बाजूला, असा हिशेब मांडला की आपण सुरुवातीपासून बरोबर होतो हे स्पष्ट होतं. तीन वर्षांत पुन्हा पकडले गेलात तर दंड शंभरापर्यंत जातो आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते, म्हणून पुढच्या वेतासाठी मेव्हण्याला पाठवावं.

आणि पुढचं वेत फार लांब नसतं. पिल्लं अंगावर पीत असतानाच मांजर पुन्हा गाभण राहू शकते. तुमची मधल्या भावाची जागा अजून सापडलेली नाही.

दरम्यान गेटवरचा भटका कुत्रा, काळ्या, बघा. महापालिकेच्या गाडीनं त्याला नेलं, ऑपरेशन केलं, रेबीजची लस टोचली, ओळख म्हणून कानाचा तुकडा कापला आणि नियमाप्रमाणे त्याच गेटवर आणून सोडलं. त्याला मालक कुणी नसल्यानं त्याचं सगळं वेळेवर झालं. सोसायटीच्या सभेत "हे भटके वाढतात तरी कसे" यावर तावातावानं बोलायला तुम्ही उभे राहाल तेव्हा तो जिन्याखाली झोपलेला असेल. सभेत भाद्रपद, महापालिका, खायला घालणाऱ्या बायका, सगळ्यांची नावं घ्यावीत. आंब्याच्या पेटीचा विषय कार्यक्रमपत्रिकेत नसतो.

काही घरांत मांजरीऐवजी कुत्री असते आणि ती बाहेर जात नाही, म्हणून ऑपरेशनचा प्रश्नच येत नाही असं मानलं जातं. हाही उत्तम मार्ग आहे, फक्त जरा संयम लागतो. सात-आठ वर्षं काही होत नाही. मग एका माजानंतर महिन्या-दीड महिन्यानं ती पाणी फार प्यायला लागते, जेवण सोडते, उठायला मागत नाही. तुम्ही म्हणता, उन्हाळा आहे. गर्भाशयात पू भरलेला असतो. रात्री अकरा वाजता सोनोग्राफी, सलाईन, रक्त देणारा कुत्रा शोधायला फोनाफोनी, आणि तेच ऑपरेशन, जे दहा हजारांत होत असताना महाग वाटलं होतं, ते आता अर्धमेल्या जनावरावर, त्याच्या कितीतरी पटीनं. काउंटरवरचा मुलगा अर्धे आगाऊ मागतो. इथे मात्र कुणी "शेवटचं किती घ्याल" असं विचारत नाही, ही प्रथा पाळा.

राहता राहिले बोकेवाले. तुम्ही इतकं वाचायची गरजच नव्हती. तुमच्या घरी पिल्लं होत नाहीत. ती मुलीकडच्यांच्या घरी होतात. तुमचा राजा रात्री जातो, पहाटे येतो, कान फाटलेला असतो, गालावर चाव्याचं गळू असतं. पुरुषासारखा पुरुष, हिंडणारच. एखाद्या वेळी चार दिवस येत नाही, एखाद्या वेळी येतच नाही. घरी असतो तेव्हा सोफ्याच्या पाठीला, दाराच्या चौकटीला आणि तुमच्या लॅपटॉपच्या बॅगेला पाठ करून शेपूट थरथरवतो, मुताची पिचकारी मारतो आणि मालकी जाहीर करतो. त्या वासावर फिनेल चालत नाही, धूप चालत नाही, उदबत्तीनं तर तो आणखी पवित्र होतो. ऑपरेशननं बहुतेक बोक्यांची ही सवय सुटते, पण "त्याला काय वाटेल" या विचारानं घरातल्या पुरुषांचा जीव कासावीस होतो, आणि तेही दोन हजार रुपये देऊन, हे बरोबर नाही. त्यापेक्षा सोफ्याचं कापड बदला आणि भिंतीला नवा रंग द्या. पेंटरशी मात्र घासाघीस करू नका, तो काम अर्धवट टाकून जातो.